रेवडीच्या शेपटीचे केस

वाडी, नागपूर
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

वैभवी बाई,

तुह्या डोक्यावर आजीचा हात हाय असं समज अन् पुढचं वाच.

तुहं पत्र काल दुपारी आलं. टपालवाला गल्लीत शिरला तं मले वाटलं गोदामाचे कागद घेऊन आला, म्हणून मी काही पाह्यलंच नाही. मी गहू निवडून राहिली होती. त्यानं लिफाफा सुपातच टाकला. वर माहं नाव, मनकर्णा शालिकराम भोयर. म्हटलं हे नाव लिहिलेलं किती दिवसांनी पाह्यलं. मतदानाच्या चिठ्ठीवर असते, पण ते काय प्रेमानं लिहिते का.

तुले हिसारले जाऊन दोन वर्षं झाली. फोन करतं तू, नाही म्हणत नाही. पण माहे कान असे झाले का फोनमधी तू बोलतं तं डब्यात माशी कोंडल्यासारखं वाटते. मी नुसती हो हो करतो. मागच्या वेळी तू विचारलं, आजी तू पडली होती का, अन् मी म्हटलं हो हो, रोजच. तुहा बाप जितेंद्र पार शहराच्या त्या टोकाहून, बेस्याच्या फ्लॅटवरून धावत आला. कागदाचं बरं हाय. दहा वेळा वाचा, कागद चिडत नाही. चौथी शिकली त्याचा आता उपयोग होऊन राहिला.

मले आतापर्यंत वाटे का तू घोड्यायले सुया टोचत असन. आता समजलं का तू घोड्याच्या आतमधी रोगाशी कोण लढते ते शोधून राहिली. आबाजी असते तं चौकातल्या प्रत्येक टांगेवाल्याले थांबवून सांगितलं असतं. आता टांगेवाले पण नाही म्हणा. माहा माणूस पण गेला अन् ज्याले सांगायचं ते पण गेले. म्हणून मी दुर्गेशले सांगितलं, तो वरातीच्या घोड्यावाला, मागच्या गल्लीतला. तो म्हणे, आजी, रेवडीचे केस विलायतेले चालले का. मी म्हटलं हो. हिसार कुठी हाय हे त्याले तरी कुठं माहीत हाय.

तर केस. तू लिहिलं का आपल्या घोडीच्या, रेवडीच्या शेपटीचे तीस-चाळीस केस पाठव. आता सायबाच्या टेबलावर जायचं तं असे मळके कसे पाठवायचे. मी तिची शेपूट शिकेकाईनं धुतली, उन्हात वाळवली, खोबऱ्याचं तेल लावलं, बारीक वेणी घातली, लाल दोरा बांधला अन् मंग नव्या कैचीनं कापली. चांगले शंभर केस असतीन. तिळाची वडी ठेवणार होती पण टपालवाला म्हणे मुंग्या लागतीन.

तुहा फारम पण भरला. बरं झालं तू खाली मराठीतून लिहून दिलं. तू बजावलं होतं, आजी पेनानं भर, पेन्सिलीचं खोडता येते. म्हणून पेनानंच भरला. नाव रेवडी. रंग पांढरा, त्यावर करडे ठिपके, म्हणून तं रेवडी. वय एकोणीस. आईचं नाव गंगी, आबाजीच्या टांग्याले होती. बापाचं नाव माहीत नाही, कोण्या घोड्यानं सांगितलं नाही. तेरावा प्रश्न होता, इतर घोड्यांसोबत राहते की एकटी. मी लिहिलं, एकटी. पण मी हाय तिच्याजवळ. मी काही घोडा नव्हं, पण चालत असन तं तसं लिहून घे.

रेवडीसाठी अठरा प्रश्न होते बाई. खाते काय, पिते किती, खोकते का, झोपते केव्हा. माह्यासाठी एक ओळ होती, तू बरी असशीलच. हाय बरी. 

तुही आजी


हिसार
२७ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

पाकीट उघडलं आणि अख्ख्या प्रयोगशाळेत खोबरेल तेलाचा वास पसरला. माझ्या गाईड मॅडम उठून आल्या, हे काय म्हणून. मी लाल दोऱ्याची वेणी वर धरली आणि म्हटलं, नमुना क्रमांक एकसष्ट. त्यांना इतकं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

पण आजी, हे केस चालणार नाहीत. चूक माझी, मी नीट लिहायला हवं होतं. मला जे पाहिजे ते केसात नसतं, केसाच्या मुळाशी जो पांढरा कण येतो त्यात असतं. कापलेल्या केसाला मूळच नाही. केस उपटावे लागतील. शेपटीचे चार-पाच एका वेळी बोटाला गुंडाळून झटक्यात ओढायचे. तेल नको, पाणी नको. कागदी पाकिटात ठेव, प्लास्टिकमध्ये नाही. वेणी मी फेकली नाही, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तू विचारलं नाहीस तरी सांगते मी काय शोधते ते. अंगात रोगजंतू शिरला की पेशी त्याचे तुकडे पकडून वर धरतात, हे बघा, असा कोणीतरी आत आलाय म्हणून. मग रक्तातल्या लढणाऱ्या पेशी जाग्या होतात. तुकडा धरणारे हे जे हात, ते घडवणारी काही जनुकं असतात, अर्धी आईकडून आलेली, अर्धी बापाकडून. प्रत्येक प्रकारच्या हाताला सगळेच तुकडे धरता येत नाहीत. म्हणून एका कळपात जितक्या तऱ्हेचे हात, तितका कळप सुरक्षित. शर्यतीचे आणि नामांकित जातीचे घोडे पिढ्यान्‌पिढ्या मोजक्याच नरांपासून पैदा होतात. त्यांच्यात या तऱ्हा कमी उरल्यात का, आणि टांग्याच्या, वरातीच्या, ज्यांची जात कोणी लिहून ठेवली नाही अशा घोड्यांत किती आहेत, हे मी मोजते. रेवडीसारखी घोडी त्यासाठीच हवी.

रेवडीचा खोकला गेला का? लीद कशी आहे? पाणी किती पिते ते बादलीनं मोजून लिही.

तू बरी असशीलच.

वैभवी


वाडी
९ फेब्रुवारी २०२५

वैभवी बाई,

डोक्यावर हात हाय.

उपटले. सांगायले सोपं हाय तुह्यासाठी. एकोणीस वर्षं जिले खाजवलं, तिचे केस कसे ओढवतीन. दोन दिवस मी नुसती तिच्यामागं उभी राहून परत येऊन राहिली होती. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं गुळाचा खडा धरला, कानात म्हटलं, रेवडे, पोरीच्या अभ्यासाचं हाय, अन् ओढले. तिनं कान पण हलवला नाही. लाथ तं तिनं जन्मात कोणाले मारली नाही, वरातीत पोट्टे कानाजवळ फटाके फोडत तरी नाही. पन्नास हायेत, पाहजो, मुळं दिसतीन तुले, मले चष्म्यानं पण दिसली.

तू लिहिलेल्या त्या पेशीच्या हाताचं समजलं मले. पहिल्यांदा वाचलं तं डोकं गरगरलं. मंग ज्वारीवर आणून लावलं तं बसलं बरोबर. काटोलकडं माह्या बापाचं वावर होतं. बाप एका वावरात चार तऱ्हेची ज्वारी पेरे, घरचंच बियाणं. कोणाचं कणीस दाट, कोणाचं मोकळं. शेजारचे हसत, म्हणत तुह्या वावरात जत्रा भरली. एका साली कणसावर काळी बुरशी आली. शेजाऱ्याची एकसारखी देखणी ज्वारी सगळी गेली. आमची दोन तऱ्हेची गेली, दोन तऱ्हेची उभी राहिली. तं राजाचे घोडे शेजाऱ्याच्या ज्वारीसारखे अन् रेवडी माह्या बापाच्या वावरासारखी, असंच ना. चुकलं असन तं लिहजो. दुर्गेशले मी असंच समजावून सांगितलं, तो म्हणे, आजी तुम्ही कालेजात काहून नाही गेल्या. मी म्हटलं टांगा रिकामा नव्हता.

फारमात जागा पुरली नाही म्हणून इथं लिहितो. रेवडीले एकच पिल्लू झालं, घोडीच, बदामी रंगाची. आबाजीनं ती कोंढाळीच्या नत्थूजीले दिली. अजून हाय म्हणते तिथं. आबाजी गेल्यापासून चार वर्षं रेवडी वरातीले गेली नाही. मी तिले सकाळी गल्लीतून फिरवून आणतो. ट्रकवाले थांबतेत, रस्ता देतेत. दोन बुढ्या चालल्या म्हणून.

जितेंद्र महिन्यातून एकदा येते, किराणा ठेवते, चहा घेते, अन् म्हणते, आई, घोडी दे कोणाले अन् बेस्याले चाल. गेल्या दिवाळीत राह्यली ना मी आठ दिवस. चौथा माळा. तो अन् तुही माय दोघं सकाळी आठले जाते, सातले येते. टीव्ही लावून देते, मले ऐकू येत नाही, मी तोंडं पाहत बसतो. इथं निदान रेवडी फुरफुरते तं जमिनीतून पायाले समजते. तिच्या पायाची थाप कानाले नाही लागत, तळपायाले लागते. म्हटलं, रेवडी हाय तोपर्यंत मी हालत नाही.

पाणी अडीच बादल्या. खोकला गेला. लीद चांगली हाय. मी बरीच असन.

आजी


हिसार
३० मार्च २०२५

प्रिय आजी,

बसून वाच. रेवडीच्या केसांचा निकाल आला. एका जनुकाच्या तिच्याकडे दोन तऱ्हा आहेत. एक आम्हाला बाकीच्या घोड्यांत भेटलेली आहे. दुसरी आम्ही आतापर्यंत तपासलेल्या एकाही घोड्यात नाही. दोनशे घोडे तपासलेत आजी, त्यात बक्षिसं मिळवलेले होते, ज्यांच्या सात पिढ्यांची नावं चौकटीत लावलेली असतात असे होते. कोणाकडेच नाही. वाडीच्या गोदामामागे टिनाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या घोडीकडे आहे.

तुझ्या ज्वारीचं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मी पुढच्या वर्षी वर्गात सांगेन.

पण एका नमुन्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. रेवडीचे पुन्हा केस पाठव, मी पहिल्यापासून सगळं परत करते. तोच निकाल आला तर माझ्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण तिच्यावर उभं राहील. घाई नाही, मे अखेरपर्यंत पाठव. किंवा मीच येते मे महिन्यात. लहानपणी तिच्या पाठीवर बसवायचे ना आबाजी मला, तिला पाहावंसं वाटतंय.

उन्हाळ्यात तिला सांभाळ. पाणी वाढव, ओलं पोतं टाक पाठीवर. ती नीट खाते का ते लिही.

तू बरी असशीलच.

वैभवी


वाडी
२ जून २०२५

वैभवी,

डोक्यावर हात हाय.

पत्राले उशीर झाला. ऊन लय होतं यंदा. तू मे महिन्यात येतो म्हणाली होती, मी तुह्यासाठी कुरड्या केल्या, तुले आवडते म्हणून. आली नाही तं काम असन. डब्यात भरून ठेवल्या, खराब होत नाही.

केस पाठवून राहिली. रेवडीचे हायेत. तू सांगितलं तसेच उपटले, कागदाच्या पाकिटात ठेवले. या वेळेले ओढताना लाथ बसली मले, पिंढरीवर. निळं झालं हाय, चालताना दुखते. होईन कमी.

बाकी काय लिहू. ट्रक येते जाते. समोर नवीन गोदाम बांधून राहिले. शेड झाडून घेतलं. टिनावर शेजारच्या छपराच्या कवेलूचे तुकडे पडले होते ते काढले. तुह्या राजाच्या घोड्यायले नाही अन् आपल्याकडं हाय, हे मी एप्रिलपासून सगळ्या गल्लीले सांगून राहिली. किराणावाला पण विचारते, काय म्हणते हिसार.

ते प्रकरण मोठं लिहजो. अन् निकाल आला का पत्र टाकजो. लवकर नाही आलं तरी चालते, पण टाकजो.

आजी


हिसार
१८ जुलै २०२५

प्रिय आजी,

हे पत्र लिहायला तीन आठवडे लागले. तुला वाईट वाटेल म्हणून टाळत होते.

रेवडीचे दोन नमुने जुळत नाहीत. नुसती ती नवी तऱ्हा नाही असं नाही, दोन्ही नमुने एकाच जनावराचे नाहीतच, असं दिसतंय. याचा अर्थ एकच. फेब्रुवारीत मी एका दिवशी चाळीस घोड्यांच्या केसांतून नमुने काढून नळ्यांत भरले होते, त्यात माझ्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली. जी नवी तऱ्हा रेवडीची म्हणून मी नाचले, ती कोणाची आहे, किंवा आहे तरी का, मला माहीत नाही. आणि एक नळी बदलली तर बाकीच्या एकोणचाळीस बरोबर आहेत कशावरून? मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ऑक्टोबरपर्यंत उलगडा कर, नाहीतर ते सगळे चाळीस गाळ.

मी रोज फेब्रुवारीची वही उघडून बसते. कुठे चुकले ते सापडत नाही. आता प्रत्येक नळीवरचं नाव तीन-तीनदा वाचते. दिवाळीला येणं जमणार नाही, आजी. आता सगळं परत करायचंय.

तुझ्याकडून काही झालं असेल हा प्रश्नच नाही. तू तर मला चाळीसऐवजी पन्नास केस मोजून दिलेस.

रेवडी कशी आहे? पावसात शेडमध्ये पाणी शिरत नाही ना?

वैभवी


वाडी
२७ जुलै २०२५

वैभवी माय,

आज डोक्यावर हात ठेवत नाही. आधी वाच, मंग तुले वाटलं तं ठेवून घे.

तुह्या हातून काही बदललं नाही. वही बंद कर. नळीवरचं नाव तीन-तीनदा वाचू नोको. फेब्रुवारीतले केस रेवडीचे होते, देवाशप्पथ. जूनमधले तिचे नव्हते. दुर्गेशच्या मैनाचे होते. मैना पण पांढरीच हाय, मले वाटलं पांढऱ्या घोडीचे पांढरे केस, आतमधी कोण पाहते. मीच ज्वारीचं सांगितलं अन् मीच विसरली का आतमधी तं सगळंच दिसते तुले.

रेवडी ११ मेले गेली. बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. सकाळी तिनं कडबा तोंडात घेतला अन् सोडून दिला. मंग पोटाकडं पाहून पाहून बसायले लागली, उठली, बसली. दुर्गेश डॉक्टरले घेऊन आला. त्यायनं नाकातून नळी घातली, सुई देली, दोन घंटे बसले बिचारे. म्हणे, आजी, आतडं पलटलं, वय पण झालं. बाराच्या उन्हात गेली. मी पोतं ओलं करून करून टाकत होती. कोरडं होऊन जाय. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती अन् तिचा श्वास मले मांडीले लागून राहिला होता. मंग नाही लागला. कानानं तं मले काही समजतच नाही, म्हणून मी अजून थोडा वेळ बसली, म्हटलं लागन.

दुर्गेशनं गाडी बोलावली. मी गळ्यातली घंटी काढून घेतली. त्या वेळेले केसाचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी मेलेल्या जिवाचे उपटले नसते.

जितेंद्रले सांगितलं नाही. त्याले वाटते घोडी दुर्गेशकडं बांधली हाय, सावलीसाठी. सांगितलं तं तो त्याच दिवशी माही पेटी उचलून चौथ्या माळ्यावर नेईन. पण ते खरं कारण नव्हं. खरं कारण तुले सांगतो. तू मले चार पत्रं लिहिली. चारही माह्या उशाखाली हायेत, पाठ हायेत. प्रत्येकात रेवडी कशी हाय, रेवडी खाते का. मी म्हटलं, खुंटा रिकामा झाला हे समजलं तं हे पोट्टी मले कशाले लिहीन. काय विचारीन. एक वेळेस लिहीन का आजी वाईट झालं, अन् मंग डब्यातल्या माशीसारखा फोन. म्हणून मी पांढरे केस पाठवले. तुहं काम बिघडन हे मनात पण आलं नाही. मले वाटलं तू नुसती पाहून घेशीन अन् पुन्हा पत्र लिहिशीन.

मैनानं लाथ मारली तेव्हाच मले समजायले पाहिजे होतं का परक्या जनावराले हात लावून राहिली.

तुह्या मॅडमले सांग का वाडीच्या एका बुढीनं खोटं बोललं, पोरीनं नाही. असंच लिही, माहं नाव पण लिही, मी अंगठा नाही, सही करून देतो.

अन् एक. रेवडीचं बदामी पिल्लू कोंढाळीले नत्थूजीकडं हाय. माय गेली तरी अर्धं तं तिच्यात असन, तूच लिहिलं होतं. म्हणजे अजून काही विचारायचं असन तं विचारता येते. नत्थूजीचा पत्ता मले माहीत हाय. पण तो लिहिणारा माणूस नव्हं. विचारायचं असन तं मलेच विचारावं लागन.

आजी


हिसार
६ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

मॅडमना सांगितलं. तुझं पत्र मी त्यांना हिंदीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पन्नासमधले सगळे वापरलेस का? नव्हते वापरले. फेब्रुवारीच्या पाकिटात तेरा केस शिल्लक होते. तेही पुन्हा तपासले, एकटीनं नाही, मॅडम शेजारी उभ्या होत्या. तीच तऱ्हा आली आजी. रेवडीचीच होती, पहिल्यापासून. माझे चाळीसही नमुने बरोबर आहेत. जूनच्या नमुन्यापुढे मी खरं ते लिहिलं, दुसरी घोडी, मैना, वाडी. तुझं नाव लिहिलं नाही. 

हे झालं कामाचं. आता दुसरं.

मी माझी पत्रं आठवून पाहिली. तू जूनमध्ये लिहिलंस की लाथ बसली, निळं झालं, चालताना दुखतं. त्याआधी तूच लिहिलं होतंस की रेवडीनं जन्मात कोणाला लाथ मारली नाही. मी दोन्ही वाचलं होतं. केसांची दोन पाकिटं शेजारी ठेवून तीन आठवडे फरक शोधत बसले, आणि तुझी दोन पत्रं शेजारी ठेवली नाहीत. तुझ्या पायाला काही लावलंस का, हेसुद्धा विचारलं नाही. तू बरी असशीलच, असं लिहून मी पत्रं बंद केली, शेवटच्यात तर तेवढंही नाही.

कोंढाळीला आपण जाऊ. नत्थूजींच्या घोडीचे केस मला हवेच आहेत, खोटं कशाला सांगू. पण मी पोळ्याला येतेय ती त्यासाठी नाही. आठ दिवस राहीन, वाडीलाच. बाबांना रेवडीचं मी सांगितलं. ते म्हणाले, मला का नाही सांगितलं तिनं. बेस्याचं आपण तिघं बसून बोलू. तू नाही म्हणालीस तर नाही.

सोबत वेणी पाठवतेय, नमुना एकसष्ट. लाल दोरा सोडलेला नाही. माझ्या कामाची नव्हती, तुझ्या आहे.

आणि एक फारम आहे. अठरा प्रश्न. घोड्याच्या जागी तुझं नाव टाकलंय. भरून पाठव.

वैभवी


वाडी
१३ ऑगस्ट २०२५

वैभवी बाई,

हात ठेवला. दोन्ही ठेवले.

वेणी आली. अजून तेलाचा वास हाय. घंटी अन् वेणी एका खिळ्याले टांगली, आबाजीच्या फोटोखाली. जितेंद्र आला होता रविवारी, नुसता रिकाम्या शेडमधी जाऊन उभा राह्यला. मंग येऊन म्हणे, आई, चहा टाक. दोन कप पिला. दर वेळी एकच पिते.

तुहा फारम भरून राहिली. घोड्याचा फारम माणसाले भरायले लावला, किराणावाल्याले दाखवला तं तो पोट धरून हसला. नाव मनकर्णा. वय आधार कार्डावर एक्काहत्तर, खरं पंचाहत्तर असन, सायबाले घाई होती. रंग सावळा, ठिपके हायेत पण म्हातारपणाचे. आईचं नाव सखुबाई. बापाचं नाव तुकडोजी, मले माहीत हाय, रेवडीसारखं नाही. आधी काय काम केलं, यात जागा दोन बोटं देली तू, तेवढ्यात काय मावते, म्हणून लिहिलं, सगळं. खाणं, सकाळी भाकर, संध्याकाळी भात, मन नसलं तं चहा. मे-जूनमधी चहाच जास्त झाला. पाणी बादलीनं मोजलं नाही, तांब्यानं चार. खोकला नाही. पाय दुखायचा राह्यला, हळद लावली होती, मैनाशी पण बोलून आली, आता ओळखते मले. झोप लागते, पण पहाटे तळपाय उगीच जमिनीले लावून पाहतो.

सतरा भरले, पेनानं, तू बजावलं होतं तसं. फक्त तेरावा राह्यला होता. इतरांसोबत राहते की एकटी. त्याच्यावर दोन दिवस बसली. रेवडीच्या वेळेले मी झटकन लिहून टाकलं होतं. मंग तिथं एकटी असं लिहिलं, पण तेवढं एक पेन्सिलीनं लिहिलं हाय. 

येताना रबर आणजो.

आजी